नव्वद अंश

माझा भाऊ राजस खुर्चीवर मांडी घालून बसायचा. चाकांच्या, ऑफिसातल्या असतात तशा खुर्चीवर. पाठ वाकलेली, मान पुढे, आणि कपाळ स्क्रीनच्या इतकं जवळ की आईनं चोपडलेल्या खोबरेल तेलाचा डाग रोज काचेवर उमटायचा. तेलीबांधा भागातल्या एका कंपनीचं काम तो तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरूनच करी. एप्रिलपासून त्याच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या.

"काहून असा बसून राहिला रे, झिंग्यासारखा?" आई म्हणायची.

"ऐसे ही दिमाग चलता है, मम्मी." मराठी त्याला सगळी समजायची. उत्तर मात्र आमच्या शहराच्या हिंदीत.

मानेची नस दबते आहे, बसणं बदला, असं डॉक्टर म्हणाले. मी भौतिकशास्त्र शिकलेली. हे काम मला सोपं वाटलं. एका रविवारी टेप आणि कोनमापक घेतलं. गुडघे नव्वद अंश, कोपर नव्वद अंश, तळवे जमिनीवर सपाट. स्क्रीन एक हात लांब, तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. खुर्चीच्या दांड्यावर आणि टेबलावर पेन्सिलीनं खुणा केल्या.

"दीदी, मेरे को फोटो फ्रेम में फिट कर रही है क्या?"

"आठ दिवस बस. मग बोल."

तो बसला. मुंग्या थांबल्या. कुरकुरही थांबली. पाठ टेकून, तळवे सपाट ठेवून तो तासन् तास हलेनासा झाला.

आम्ही जेवायला खाली बसतो. एका दुपारी तो ताटासमोर येऊन नुसता उभा राहिला.

"बस ना," आई म्हणाली.

"खुर्ची मिळेल का?" तो म्हणाला. स्वच्छ, पुस्तकातल्यासारख्या मराठीत.

आई हरखली. "ऐकलं काय, ज्ञानदा? पोट्टा मराठी बोलून राहिला."

मी ऐकलं होतं.

जेवण झाल्यावर स्क्रीन पुसायला गेले. कपाळाचा डाग होता. आता तो एक हात लांब बसायचा, तरी होता. पुसला. फडक्याला तेल लागलं नाही, डाग तसाच राहिला. नखानं खरवडलं. बोटाला नुसती गुळगुळीत काच लागत होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि स्क्रीन काळी झाली. मी त्याच्या मागे उभी होते. माझ्यासमोर राजसची ताठ पाठ. काचेत मी होते, माझ्यामागची खिडकी होती, आणि खुर्चीत मांडी घालून वाकलेला राजस होता. कपाळ आतून काचेला टेकलेलं, डाग होता तिथेच. ओठ हलत होते.

लाइट आली.

संध्याकाळी मी खुर्ची खाली केली, स्क्रीन कलती केली, खुणा खोडून टाकल्या. सकाळी खुर्ची वर होती. खुणा जागच्या जागी होत्या, माझ्याच हातच्या.

"राजस, एकदा मांडी घाल."

"कशाला, ताई?"

ताई त्यानं मला कधीच म्हटलं नव्हतं.

"तू तसाच बसायचास."

"ते चुकीचं होतं. तुम्हीच तर सांगितलंत." त्याची नजर काचेवरच्या डागावर होती. "काच पुसत बसू नका. थोड्या दिवसांत आतला तोही सरळ बसेल."

तेव्हापासून तो अंघोळीला गेला की मी स्क्रीनसमोर वाकते. "टेढ़ा ही बैठ रे," मी काचेला सांगते. "ऐसे ही बैठ."

डाग फिका होत गेला.

आज सकाळी नळाचा आवाज आल्यावर मी आत गेले. न पुसताच काच लख्ख होती. निमित्ताला आणलेलं फडकं अजून माझ्या हातातच होतं.