सीटखालचा स्विच

माझी मावशी खोटं बोलतच नाही, असं मी म्हणणार नाही. वय दोन वर्षांनी कमी सांगते, डॉक्टरांपासून साखर लपवते.

पण हे जे घडलं, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

शनिवार होता. दुपारचे चार. घरामागची पत्र्याची शेड.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. गवत कापायचा त्यांचा छोटा ट्रॅक्टर तेव्हापासून ताडपत्रीखाली उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या शाळेचे माळीदादा तो शाळेसाठी कायमचा न्यायला येणार होते. काकांच्या हातची गाडी कुणी ढकलत न्यावी, हे काही मावशीला पटेना. म्हणून तिनेच पाने हातात घेतले.

"नसते उपद्व्याप कशाला?" माझी आई फोनवर म्हणाली. "मेकॅनिकला बोलव ना."

"मेकॅनिक घरातच होता, ताई. तेव्हा तू त्याला नावं ठेवायचीस."

आईने विषय बदलला.

मावशीने मागची चाकं स्टँडवर उचलली. प्लगची वायर काढून ठेवली. पायाने दाबायची दोन पेडलं होती, एक पुढे जायचं, एक मागे. दोन्ही गंजून आखडली होती. तिने ती सोडवली, घासली, ग्रीस लावलं. भेगाळलेला पट्टा उतरवून नवा चढवला. बॅटरीही नवी घातली.

सगळं बघून बघून शिकलेलं. काका गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे. "बारा नंबरचा पाना... आता चौदा..."

तीन वर्षांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

वायर पुन्हा बसवून ती सीटवर बसली. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं! पेडल दाबलं, तशी हवेतली चाकं फिरली. पाय काढला. थांबली.

एकच तपासणी उरली. सीटखाली एक स्विच असतो. हँडब्रेक न लावता बसलेला माणूस उठला, की इंजिन आपोआप बंद.

म्हणून हँडब्रेक न लावताच मावशी खाली उतरली.

इंजिन बंद झालं नाही...

स्विच अडकला असेल, म्हणून ती वाकली.

सीटच्या स्प्रिंगा दबलेल्याच होत्या...

ती बसली होती त्याहून जास्त.

शेडमध्ये कुणी नव्हतं. दारातही कुणी नव्हतं.

आणि मग... पेडल हललं.

आधी हलकेच, दोनदा. मग सावकाश खाली.

काका निघताना असंच करायचे. गवताकडे वाट मागितल्यासारखं.

चाकं फिरू लागली. स्टँड जरासा डगमगला. मावशीचा हात आपसूक पुढे गेला...

तिने चावी बंद केली.

सगळं शांत झालं. सीट हळूहळू वर आली.

"अहो?" मावशी म्हणाली.



तिने पुन्हा चालू केलं. बसली, उठली. इंजिन बंद. बसली, उठली. बंद. अंधार पडेपर्यंत ती तेच करत राहिली.

सकाळी माळीदादा खूश. "एक नंबर झालीय गाडी! पण मावशी, मला सारखं उठ-बस का करायला लावताय? काय चुकलं माझं?"

"अजून एकदाच, दादा."

ते बसले. उठले. इंजिन बंद.

"न्या," मावशी म्हणाली, आणि ट्रॅक्टर वळणापलीकडे जाईपर्यंत फाटकात उभी राहिली.

कोण होतं, हे ती सांगत नाही. मीही विचारत नाही. ती घाबरली होती का, तर तसंही नाही म्हणते. पण कधी कधी भांडी घासता घासता मध्येच तिचा हात थांबतो. नळ तसाच वाहत असतो.

"स्टँड जरासाच हलला होता गं," ती म्हणते. "पडला नसता. मी चावी का बंद केली?"