सात नंबरच्या खाटेची खिडकी

“खिडकी भुतानं उघडली म्हणतात आणि इंजेक्शन मात्र मी दिलं म्हणतात,” वॉर्डची सिस्टर आत्यासमोर रडकुंडीला आली होती. “उद्या चौकशी समिती बसतेय. नोकरी तर जाईलच, पण तुरुंगही बघावा लागेल हो मला.”

खासगी गुप्तहेर म्हणून आत्याचं शहरात नाव होतं. भाचा चाळिशी उलटली तरी तिची गाडी चालवायचा आणि विचारात तिच्या दोन पावलं मागंच राहायचा. आई लहानपणी गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं होतं.

दोन रुग्णालयं एक होऊन डॉक्टर घडवणारं हे मोठं रुग्णालय उभं राहिलं होतं. काचेच्या नव्या इमारतींमध्ये जुन्या रुग्णालयाची ही एकच बाजू शिल्लक होती. दोघं वॉर्डात शिरली. सात नंबरची खाट रिकामी होती, डोक्याशी खिडकी सताड उघडी, आणि शेजारणींनी आपापल्या खाटा लांब सरकवल्या होत्या.

“मी परवा दुपारी जेवायला गेले. औषधांचं कपाट उघडं राहिलं, ती चूक माझीच,” सिस्टर म्हणाली. “परत आले तर पडदा ओढलेला, सात नंबरच्या बाई गेलेल्या, दंडावर सुईची ताजी खूण.”

“आणि खिडकी अजून उघडीच?” आत्यानं विचारलं.

“हात लावायची कुणाची छाती आहे? माणूस गेलं की या जुन्या रुग्णालयाच्या पहिल्या मेट्रनबाई, सगळ्या नर्सच्या प्रमुख, भूत होऊन येतात आणि खिडकी उघडतात म्हणे. मी पलीकडच्या रुग्णालयातली, मला आधी हसूच यायचं.”

भाच्यानं शेजारची खिडकी ओढून पाहिली. ती जाम हलेना.

“सोडा हो, या आम्हा कुणालाच उघडत नाहीत. सुतारानंही हात टेकले.”

“आई इथंच गेली,” भाचा पुटपुटला. “तिच्याही डोक्याशी असाच गार वारा येत होता. तिला थंडी वाजेल म्हणून मी खिडकी लावायला गेलो, तर कुणीतरी मला उचलून बाजूला केलं. एवढं साधं कुणाला कळू नये?” तो राग त्यानं जन्मभर जपला होता.

आत्या त्याच्याकडं बघतच राहिली.

वॉर्डातली आया नुकतीच कामाला लागली होती. “मी जिन्यात डबा खात होते. मोठे डॉक्टर तेवढे येऊन गेले, रोजच्यासारखे.”

मोठे डॉक्टर म्हणजे विभागप्रमुख. त्यांची खोलीही याच जुन्या बाजूला होती. भिंतीवर मेट्रनबाईंचा विद्यार्थ्यांसोबतचा फोटो होता.

“मी पाहिलं तेव्हा बाई शांत झोपल्या होत्या, श्वास व्यवस्थित चालू होता,” ते म्हणाले. “फोटोतला तो काडीपैलवान मीच. जुन्या रुग्णालयातला आता मी एकटाच उरलोय. कोंदलंय नाही इथं?” बोलता बोलता त्यांनी तळव्यानं चौकट जराशी वर उचलली आणि खिडकी बाहेर ढकलली.

संध्याकाळी आत्यानं सगळ्यांना सात नंबरपाशी बोलावलं.

“भूत वगैरे काही नाही. मेट्रनबाईंची ती शिकवण होती. माणूस गेलं की जिवाला वाट मिळावी म्हणून आधी खिडकी उघडायची. माझ्या भाच्यानं लहानपणी ते पाहिलं होतं. म्हणजे परवा खिडकी उघडणाऱ्याला बाई गेल्याचं ठाऊक होतं. इथली कुठलीही खिडकी ओढून उघडत नाही, उचलून ढकलावी लागते. सिस्टरला ते जमत नाही, आया नवी आहे. डॉक्टर, तुम्ही मात्र आमच्यासमोर न बघता उघडलीत. मग बाईंचा श्वास चालू होता, हे खोटं का सांगितलंत?”

डॉक्टर खाटेवर बसले.

“ॲलर्जीची चाचणी न घेता इंजेक्शन दिलं. घाई होती. मिनिटभरात सगळं संपलं. मी पळत सुटलो, पण त्याआधी खिडकी कधी उघडली ते माझं मलाच कळलं नाही. मेट्रनबाई वॉर्डात असल्या की हात असाच जायचा... उद्या समितीला मीच सांगतो.”

सिस्टरला हुंदका आवरेना. आयानं तिला पाणी दिलं.

भाचा डॉक्टरांसमोर येऊन उभा राहिला. “छत्तीस वर्षांपूर्वी,” त्यानं कसंबसं विचारलं, “खिडकी लावायला गेलेल्या एका पोराला कुणी उचललं होतं?”

डॉक्टरांनी मान वर केली. बराच वेळ ते त्याचा चेहरा न्याहाळत राहिले.

“निळा स्वेटर होता,” ते म्हणाले. “फार रडत होतास तू.”

भाच्याला त्यांच्यावर संतापायचं होतं, पण राग येईना. वारा सुटला होता. सिस्टर खिडकी ओढून लावायला पुढं झाली.

“राहू दे,” भाचा म्हणाला.