मदरबोर्ड घेतो हजेरी

बीऽऽप! जरा शांतता. पुन्हा बीऽऽप! आणि पडदा काळाकुट्ट.

सन २०६१ चा दसरा, दुपारचे साडेतीन. चार वाजून दहा मिनिटांनी आबांचा ‘चिमणी’ उपग्रह शेवटचा डोक्यावरून जाणार होता. मग वातावरणात शिरून जळून खाक! आबांनी तरुणपणी कॉलेजच्या पोरांना घेऊन तो बांधला होता. त्याची भाषा समजणारं यंत्र उरलं होतं एकच, गच्चीवरच्या अँटेनाला जोडलेला हा पन्नास वर्षांचा डेस्कटॉप.

“कालपर्यंत तर ठणठणीत होता!” त्यांची नात जुईली हिरमुसली.

“अगं, तो बोलतोय. ऐक तरी,” आबा म्हणाले. “मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मोठी पाटी) सुरू होताच हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती)? गैरहजर! पडदा अजून जागा नाही, मग सांगणार कसं? बीप वाजवून.”

जुईलीने बोर्डाची जुनी पुस्तिका उघडली. थांबून थांबून एक लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही. अगदी बरोब्बर!

“माझी रॅम घ्या ना, नवीकोरी आहे!” घरात मदतीला असलेल्या ठमी रोबोने छातीचं दार उघडलं.

“बसायची नाही, ठमे. याला डीडीआर टूच (रॅमची जुनी जात) लागते,” पुस्तिकेवर बोट ठेवत जुईली म्हणाली. “तुझ्या रॅमच्या पट्टीची खाचच वेगळ्या जागी आहे.”

तिने वायर काढली, अंगावरची स्थिर वीज (घर्षणाने साठलेला विद्युतभार) जावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला आणि डेस्कटॉपचं झाकण उघडलं. आत लालपिवळा सडा!

“जुईले, हे काय गं?” आबांनी विचारलं.

“काल खंडेनवमी होती ना! सगळे बाहेरून पूजा करतात. मला वाटलं, हळदकुंकू थेट मदरबोर्डलाच लावावं.”

आबा पोट धरून हसले. “अक्षतासुद्धा? नैवेद्य तेवढा राहिला!”

कुंकू रॅमच्या स्लॉटमध्ये (पट्टी बसते त्या फटीत) शिरून संपर्क तुटला होता. जुईलीने कोरड्या ब्रशने स्लॉट झाडला, पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले आणि पट्टी दाबली. दोन्ही कडांना टक्, टक्!

वायर जोडली. एकच छोटा बीप. सगळे हजर!

चार वाजून अकरा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मी चिमणी. बॅटरी तीन टक्के. कोणी आहे का?’

आबांनी कीबोर्ड जुईलीकडे सरकवला. “तूच लिही, पोरी.”

‘आहोत आम्ही,’ जुईलीने लिहिलं. ‘शाब्बास, चिमणी.’

उत्तर पोचल्याची खूण आली. मग चिमणी क्षितिजापार गेली आणि पडदा स्थिर झाला.

आबांनी चष्मा पुसला, कोरा कागद ओढला आणि त्यावर एक चौकोन काढला. “हा पुढचा उपग्रह. याच्या मदरबोर्डने हजेरी कुणाकुणाची घ्यायची?”

जुईलीने त्यांच्या हातातली पेन्सिलच काढून घेतली.