अक्काची तसबीर

“लगीन करतो, पण मांडवात माझी आई पायजे,” जयसिंग जेवता जेवता म्हणाला, आणि भाकरी थापणारा सरूबाईचा हात परातीतच थांबला.

पोराचं काही चुकलं नव्हतं. तुळजाबाई, म्हणजे त्याची आई आणि सरूबाईची थोरली बहीण, वारली तेव्हा तो अंगावर पीत होता. त्या तान्ह्या जिवासाठी सरूबाईला बहिणीच्या जागी उभं करून हौसरावांशी तिचं लग्न लावून दिलं... तिच्या मनात काय आहे हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही! तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, मांडीवर झोपवलं, स्वतःची कूस रिकामी राहिल्याचं दुःखही त्याच्या बाळलीलांत विसरून गेली. पण आजीनं त्याला बोलायला लागल्यापासून पढवून ठेवलं होतं, की आई देवाघरी आणि ही मावशी. तो तिला मावशीच म्हणत राहिला, मायेनं म्हणत राहिला, आणि सरूबाईचे कान एका दुसऱ्याच हाकेसाठी आयुष्यभर आसुसलेले राहिले.

पुण्यात नोकरीला लागल्यावर जयसिंगनं साहेबाच्या दिवाणखान्यात तैलचित्रं पाहिली होती, आणि तेव्हापासून आईचंही तसंच चित्र असावं, हे वेड त्याच्या डोक्यात होतं. तुळजाबाईचा मात्र एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं असं आजीचं म्हणणं. न काढताही बिचारी भरल्या संसारातून ऐन तारुण्यात उठून गेली.

मग हौसराव बायकोला घेऊन शिरूरहून दौंडला गेले. तिथं रेल्वेच्या चाळीमागं येशुदास पेंटर राहायचा. मूळचा शिरूरच्या मिशनमधला, हात मोठा गोड. त्याच्या खुंटीला एक काळा कोट कायम टांगलेला असे, आणि तालुक्यातले निम्मे पुढारी त्या एकाच कोटात भिंतीवर चढून रुबाबात बसले होते. पण ऐकीव चेहरा रंगवायला तो तयार होईना. समोर माणूस हवंच म्हणाला. हौसरावांनी चंचीतून पान काढलं, बायकोकडे न बघताच सांगितलं, की ही तिची सख्खी बहीण आहे, हिलाच बसवा.

सरूबाई बहिणीचा हिरवा शालू नेसून, तिचीच नथ घालून बसली. अक्काचे डोळे मोठे होते, हनुवटी गोल होती, असं ती सांगत राहिली. येशुदासनं दोनदा प्रयत्न करून पुसलं, आणि शेवटी जे दिसत होतं तेच काढलं. फक्त वय उतरवलं. हौसराव बाहेर गेलेले पाहून तो हळूच म्हणाला, “बाई, हे तर तुमचंच चित्र झालं. गेलेल्या माणसाच्या नावानं स्वतःला भिंतीवर टांगून घेणार?”

“घेते की. पोराला आई मिळती हाय,” ती म्हणाली. “फकस्त त्याला कळू देऊ नगा.”

परतीच्या एस्टीत तिचा जीव एका वेड्या आशेवर तरंगत होता. तो चित्राकडे बघून आई म्हणेल... आपल्या चेहऱ्याकडे बघून म्हणेल! एवढंही तिला पुष्कळ होतं.

हळदीच्या दिवशी तसबीर ओसरीवर लागली. जयसिंग शेवंतीचा हार घेऊन समोर गेला आणि बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

“मावशी, ही मला आठवती,” तो म्हणाला. “देवी आल्या तवा डोळं चिकटलं व्हतं माझं. उघडलं तवा पहिलं हेच तोंड दिसलं. लिंबाचा डहाळा हलवत बसली व्हती.”

सरूबाईनं दाराची चौकट घट्ट धरली. एक शब्द बोलली असती तर सारं तिचं झालं असतं... पण ती म्हणाली, “व्हय. अक्काचा लई जीव तुझ्यावर.”

त्यानं हार उचलला, खिळ्यापर्यंत नेला, आणि त्याचे हात तिथंच राहिले.

“पर तवा तर मी साळंत जात व्हतो,” तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं बापाकडे पाहिलं. हौसरावांनी मान खाली घातली.

“घाल की हार,” सरूबाई कशीबशी म्हणाली. “हळदीला बाया खोळंबल्यात.”

जयसिंगनं हार खाली घेतला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

“जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत न्हाईत, आई.”

किती वर्षांची तहान होती ती! सरूबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि पोटभर रडली, स्वतःसाठी आणि त्या हाकेला मुकलेल्या अक्कासाठीही. मग पदरानं त्याचं तोंड पुसून तिनं त्याला उंबऱ्यावर बसवलं. बायांना थांबू दे म्हणाली.

“बस हितं. अक्का कशी दिसायची, त्ये सांगते तुला.”

आणि ती सांगत बसली. हौसरावही सरकून जवळ आले आणि ऐकू लागले.