अर्धा एकर राखून

“जळालं! एकोणीसशे एकतीसच्या आगीत सगळं जळालं!” कचेरीतल्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं.

“पण बाई, आम्ही अजून नावसुद्धा सांगितलं नाही!” डेला म्हणाली.

“नाव कुठलंही असो. जुनं ते जळालं. पुढचे कोण?”

पुढचं कोणीच नव्हतं. टॅलबर्ट काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, त्या कचेरीत बाई होत्या, एक माशी होती आणि ही तीन मुलं होती : बारा वर्षांची डेला स्टिडम, तिची नऊ वर्षांची बहीण ओपल आणि त्यांचा आत्तेभाऊ वेंडेल. वेंडेल तेरा वर्षांचा होता आणि त्याला कायम भूक लागलेली असे.

तिघं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. उन्हाळ्याची सुट्टी नुकती लागली होती. खरं तर यावेळी त्यांनी ओढ्यात मासे पकडत बसायला हवं होतं.

“संपलं!” वेंडेलने खिशातून मक्याची भाकरी काढली. “शनिवारी क्रचर बुलडोझर घेऊन येणार आणि पॅपॉची आई रस्त्याखाली जाणार.”

“वेंडेल!” डेला ओरडली.

“मी काय खोटं बोललो?”

खोटं नव्हतंच ते. पॅपॉ म्हणजे त्यांचे आजोबा, एल्बर्ट स्टिडम. ते तीन वर्षांचे असताना, एकोणीसशे तीन साली, त्यांची आई ऑर्था वारली. वडिलांनी टेकडीवरची जमीन विकली, पोराला खांद्यावर घेतलं आणि पोटासाठी ओहायोचा रस्ता धरला. ते तिकडेच कारखान्यात राबून वारले. पॅपॉ मोठे झाल्यावर केंटकीत परतले, पण आईची कबर काही त्यांना सापडली नाही. टेकडी तेवढी ठाऊक होती. ती केवढी मोठी, आणि सगळी रान माजलेली! आता नवा रस्ता नेमका तिच्यातून जाणार होता. रस्ते खात्याचे मिस्टर क्रचर घरी येऊन सांगून गेले होते, “टेकडीवर दफनभूमी असल्याची नोंद नाही. असेल तर आणून दाखवा. नाहीतर शनिवारी काम सुरू!”

त्या रात्री पॅपॉ जेवले नाहीत. डेलाला बुलडोझरपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

ती कचेरीच्या भिंतीकडे बघत बसली होती. पायऱ्यांजवळच्या दगडात मोठी अक्षरं कोरलेली होती. ती रोजच्या येण्याजाण्यातली. म्हणून कोणीच वाचत नसे.

“टॅलबर्ट काउंटी, स्थापना एकोणीसशे बारा,” डेला मोठ्याने म्हणाली आणि ताडकन उठली. “अरे! काउंटी पॅपॉपेक्षा लहान आहे!”

“म्हणजे?” ओपलने विचारलं.

“पॅपॉची आई वारली तेव्हा ही काउंटी जन्मलीच नव्हती! मग इथल्या आगीत तेव्हाचे कागद जळतील कसे? इथे नसलेली गोष्ट इथे जळूच शकत नाही!”

वेंडेलचा घास हातातच राहिला. “पण मग तेव्हा ती टेकडी होती कुठे?”

“होती तिथेच. आपण कुठल्या काउंटीतून वेगळे झालो ते शोधायचं!”

ते संध्याकाळी आईनेच सांगितलं. ती डोंगरापलीकडे ग्रिझम काउंटीत शर्टांच्या कारखान्यात काम करायची. “ग्रिझमचाच तुकडा तोडून आपली काउंटी केली ना! शाळेत शिकवतात की हे.” मग ती थबकली. “अगं बाई! पॅपॉ आयुष्यभर त्या जळालेल्या कचेरीतच विचारत बसले!”

काउंटी बदलली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कागद सापडत नाहीत हेही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मात्र कोणी पाहिल्या नव्हत्या. स्टिडमांचं घर जागचं हललं नव्हतं. सीमाच त्यांच्या अंगणावरून सरकली होती!

शुक्रवारी आईच्या गाडीतून तिघं ग्रिझमला गेली. तिथल्या कचेरीत आगबिग कधी लागली नव्हती. तळघरात जमिनींच्या व्यवहारांचे जाडजूड खंड रांगेने उभे होते.

“धूळ बघ! हिच्यात बी पेरलं तर मका उगवेल,” वेंडेल शिंकत म्हणाला.

“तुला सगळीकडे खायचंच दिसतं का रे?”

“सूचीत स दिसतोय. चालेल?”

चालला! स्टिडम सापडले. डेलाने बोट ठेवून वाचलं : एकोणीसशे तीनच्या शरदात जमीन विकली. मग हद्दी आल्या आणि शेवटी एक वाक्य. ‘दोन ओढ्यांच्या संगमावरच्या खडकापासून टेकडीवर सरळ उत्तरेस चाळीस काठ्यांवरचा अर्धा एकर विकलेला नाही, माझी बायको ऑर्था आणि इतर नातलग तिथे आहेत, आणि तिच्या शेजारी माझी जागा आहे.’

वेंडेलने डोक्यावरची टोपी काढली आणि आपण ती का काढली असं वाटून पुन्हा घातली.

“घरी सांगायचं?” ओपल कुजबुजली.

“आधी जागा सापडू दे,” डेला म्हणाली. “पॅपॉ एकदा निराश झालेत. दुसऱ्यांदा आपल्यामुळे नको.”

तिने ओळ न ओळ उतरवून घेतली. वर कचेरीचा शिक्काही मारून घेतला.

शनिवारी उजाडता उजाडता चौघं टेकडीच्या पायथ्याशी पोचली. गुडघ्यांमुळे पॅपॉ खाली ओढ्याकाठीच बसले. “काय उद्योग चाललाय रे तुमचा?” त्यांनी विचारलं.

“मोजणी!” डेला म्हणाली.

एक काठी म्हणजे साडेसोळा फूट. आईची कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी तेवढीच कापून आणली होती. वेंडेलकडे होकायंत्र होतं. संगमावरचा खडक तर केव्हाचा तिथेच होता! दोरीचं एक टोक धरून वेंडेल झाडोऱ्यात घुसला. दुसरं टोक डेलाकडे. ओपल मोजायला.

“एकोणचाळीस... चाळीस!”

चाळिसाव्या काठीला नुसती काटेरी झुडपं होती. वेंडेलने हातापायांवर ओरखडे झेलत सगळी तुडवली. दगड नाही, धोंडा नाही.

खालून घरघर ऐकू आली. बुलडोझर ट्रकवरून उतरत होता, आणि मिस्टर क्रचर धापा टाकत वर येत होते.

“चला पोरांनो! खाली उतरा!”

“साहेब, थोडं थांबा! आमच्याकडे नोंद आहे!” डेलाने कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. “हं. नोंद आहे खरी. पण दफनभूमी कुठाय? इथे तर काटे आहेत. जुन्या कागदांत काय, काहीही लिहितात. दुपारपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही!”

डेला मटकन खाली बसली. मोजणी तर चोख झाली होती. मग चुकलं कुठे? समोर टेकडीच्या उतारावर दोरी सापासारखी पडली होती. उतारावर... तिरकी...

“वेंडेल! आपण दोरी जमिनीला टेकवून मोजली!”

“मग काय आभाळाला टेकवून मोजायची?”

“हो! जवळजवळ तसंच! जमीन तिरकी आहे. नकाशावरचं अंतर सपाट असतं. मोजणीदार साखळी आडवी धरतात, पाण्याच्या पातळीसारखी. आपण चढाचे फूटही त्यात धरले, म्हणून आपण कमी चाललो. कबरी अजून वर आहेत!”

“हे तुला खाली असताना नाही का सुचलं? माझे गुडघे बघ!”

पण तो आधीच उतरायला लागला होता. पुन्हा खडकापासून! या वेळी खालच्याने दोरीचं टोक डोक्यावर धरायचं आणि वरच्याने पायापाशी. ओपल डब्यात पाणी घेऊन दोरीची पातळी बघायची आणि “डावं टोक वर! अजून वर! वेंडेल, टाचा उचल!” असे हुकूम सोडायची. चाळीस काठ्या संपल्या तेव्हा झुडपं बरीच खाली राहिली होती. रस्त्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांच्या बरोब्बर मधे ती उभी होती.

पायाखाली तकतकीत पानांची दाट वेल पसरली होती.

“ही रानात आपोआप उगवत नाही,” वेंडेल हळूच म्हणाला. “ही कबरीवर लावतात. चर्चमागे बघ, तीच आहे.”

वेलीत हात घालताच ओपलला एक उभा दगड लागला. मग दुसरा. तिसरा!

“दगडच आहेत ते! सगळी टेकडी दगडांची आहे!” मिस्टर क्रचर म्हणाले. “माझ्या माणसाने पाहणी केलीय.”

“कुठून केली?” डेलाने विचारलं.

“कुठून म्हणजे... रस्त्यावरून. गाडीतून.”

“मग आता जवळून करू या!” डेला म्हणाली. “आपोआप पडलेले दगड आडवे असतात आणि कसेही असतात. आपल्याकडे डोक्याशी मोठा आणि पायाशी लहान दगड उभा पुरतात, पाय पूर्वेला. हा मोठा आहे. माझं बरोबर असेल तर इथून पूर्वेला माणसाच्या उंचीइतक्या अंतरावर लहान दगड असलाच पाहिजे. नसला तर आम्ही निघून जातो!”

“डेला!” वेंडेल दचकला.

ती पूर्वेला तोंड करून लांब दोन ढांगा टाकून थांबली आणि वेल बाजूला केली. लहानसा दगड उभा होता.

“योगायोग!” मिस्टर क्रचर म्हणाले.

“पुढचा तुम्ही शोधा ना!”

त्यांनी नाक फुगवलं, पुढच्या मोठ्या दगडापासून दोन ढांगा टाकल्या आणि वेल उचकटली. मग ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांची टोपी हातात होती. “माझ्या आजीला असंच पुरलंय,” ते म्हणाले आणि खालच्या माणसाला ओरडले, “यंत्र बंद कर रे! रस्ता ओढ्याकडून वळवू!”

ओपल एका जोडीपाशी उकिडवी बसली होती. “या दोन दगडांत इतकं कमी अंतर का?”

डेलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तिथे लहान मूल आहे, ओपल.”

वेंडेलने पॅपॉला आधार देत वर आणलं. आईही जेवणाच्या टोपल्या घेऊन पोचली. पॅपॉ वेलीच्या कडेला थांबले. “हीच जागा? खरंच?” मग त्यांचा आवाज बारीक झाला. “पण यातली माझी आई कुठली? एकावरही नाव नाही.”

हे डेलाच्या ध्यानातच आलं नव्हतं! तिने ओळ निरखून पाहिली. दगड एकमेकांना चिकटून, शाळेतल्या बाकांसारखे. फक्त कडेच्या देवदाराखालच्या कबरीनंतर एक जागा रिकामी होती आणि तिच्यापुढे ओळ पुन्हा सुरू होत होती.

“पॅपॉ, ऐका,” म्हणत तिने कागदातलं शेवटचं वाक्य वाचलं. “‘तिच्या शेजारी माझी जागा आहे.’ नंतर पुरणाऱ्यांनीही ती सोडली. शेजारी रिकामी जागा असलेली कबर एकच आहे. ती!”

पॅपॉ देवदाराखाली गेले. मोठ्या दगडावर त्यांनी तळवा ठेवला, जसा तापलेल्या कपाळावर ठेवतात. “मला वाटायचं, बापाने मागे वळूनही पाहिलं नाही,” ते म्हणाले. “आणि तो परत यायचं ठरवून गेला होता!”

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि तिन्ही पोरांना जवळ ओढलं. “आयुष्यभर मी चुकीच्या दारात उभा होतो. योग्य दार शोधायला तुमची डोकी लागली. स्टिडमांचं नाव राखलंत रे!”

“माझं आडनाव वेगळंय,” वेंडेल म्हणाला.

“गुडघे तर स्टिडमांच्या कामी आले ना? झालं तर!”

मिस्टर क्रचर टोपी चोळत बाजूला उभे होते. “मी निघतो. चूक झाली, मिस्टर स्टिडम.”

“कुणाच्यातला रे तू?” पॅपॉंनी विचारलं.

“क्लिंच खोऱ्यातल्या क्रचरांच्यातला.”

“तर ऐक, क्रचर. हा अर्धा एकर माझ्या बापाने विकला नाही. म्हणजे तो माझा. तू माझ्या जमिनीवर उभा आहेस.”

मिस्टर क्रचरांनी घाईघाईने पाय उचलला.

“आणि माझ्या जमिनीवर कोणी उपाशी उभं राहत नाही. बस खाली! डेला, त्याला कोंबडीची तंगडी दे. मोठी दे!”