गोणपाटाखालचा मेपल

"माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या झाडाचा हात तोडलाय," दंतवैद्य म्हणाले आणि कागदात गुंडाळलेली फांदी त्यांनी टेबलावर ठेवली.

फांदी वीतभर लांब, करंगळीएवढी जाड. खासगी तपास करणाऱ्या बाईंनी फांदीकडे नंतर पाहिलं, आधी दंतवैद्यांकडे. बाईंचे दीर तोवर हळहळूनही मोकळे झाले होते. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत. दुसऱ्याच्या दुःखात भाऊजी सगळ्यांच्या आधी पोहोचत. तपासात मात्र सगळ्यांच्या शेवटी.

त्यांनी फांदी हातात घेतली आणि तिचं टोक काडीसारखं कट्कन मोडलं.

"अरेरे! माफ करा हं."

"थंडीने कडक झालीय," दंतवैद्य घाईने म्हणाले.

"पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या.

"वडिलांनी दोन मेपल कुंडीत वाढवले. मोठा मला दिला, छोटा धाकटीला. बोन्साय मंडळाचा मी अध्यक्ष. हिवाळ्यात सगळ्यांची झाडं मंडळाच्या थंड शेडमध्ये झोपतात. पानं गळल्यापासून माझं झाड तिथून हललेलं नाही. शनिवारी पाणी द्यायची पाळी धाकटीची होती, किल्ली तिच्याकडे. काल सकाळी गोणपाट काढलं, तर सगळ्यात खालची फांदी कापलेली. तेवढी उचलली, पुरावा म्हणून झाडाला बोटही लावलं नाही."

"तिला काय मिळालं त्यातून?"

"येत्या रविवारी निष्पर्ण झाडांचं प्रदर्शन आहे. सात वर्षं पहिला नंबर माझा. जळते ती! आज बाराला मंडळाची बैठक आहे. तिचं सदस्यत्व रद्द होणार आणि तिचा मेपल मंडळाच्या ताब्यात येणार."

"म्हणजे अध्यक्षांच्या?"

दंतवैद्यांनी मफलर सारखा केला. "नियम आहे तसा. पण काही सदस्य अडून बसलेत, बाहेरच्या माणसाकडून खात्री करून घ्या म्हणतात. तुम्ही एकदा सांगितलंत की त्यांची तोंडं बंद होतील."

"दंतवैद्य तोंडं उघडायला सांगतात, असं ऐकून होते," बाई म्हणाल्या आणि शाल घेऊन उठल्या.

शेडची दुसरी किल्ली दंतवैद्यांच्या दवाखान्यात होती. ते ती शोधेपर्यंत दोघं बाहेरच्या खोलीत थांबली. भाऊजी हीटरला जवळजवळ मिठी मारून उभे राहिले. हीटरशेजारच्या लाकडी फळीवर चार कोपऱ्यांत चार तपकिरी ठिपके उमटले होते. बाईंनी त्यांवर रुमाल पसरला, ठिपक्यांशी कडा जुळवून घडी घातली.

"इथं काय होतं हो?" भाऊजींनी विचारलं.

"फुलदाणी," आतून उत्तर आलं.

शेडच्या छपरावर दहिवर गोठलं होतं. आत फळ्यांवर उघडीबोडकी झाडं, मुळांपाशी पेंढा. कोपऱ्यात दंतवैद्यांचा मेपल. जिथून फांदी गेली होती तिथे करडा लेप होता, कडेने बोटाने सारखा केलेला.

"वहिनी, याचे कोंब बघा किती गुबगुबीत!" भाऊजी हरखले. "आणि तेही एकाच अंगाला, फांदी तुटली त्याच. बाकीची झाडं बिचारी उपाशी दिसतात याच्यापुढे."

"भाऊजी, आज तुम्हाला चहा माझ्याकडून," बाई म्हणाल्या.

धाकटी शिवणकाम करणारी. शेडच्या दाराशी उभी होती, डोळे सुजलेले, हनुवटी मात्र वर.

"दादाचा हेवा वाटतो?" बाईंनी विचारलं.

"वाटतो की! सात वर्षं वाटला. यंदा नाही."

"यंदाच का नाही?"

"महिन्यापूर्वी पेपरात माझ्या झाडाचा फोटो आला. लोक म्हणाले, वडिलांच्या हातचं वळण हिच्याच झाडात उतरलंय. तेव्हापासून दादाने माझ्याशी बोलणं टाकलं."

"शनिवारी त्याचं झाड पाहिलंत?"

"गोणपाट पाहिलं. त्याच्या झाडाला हात लावायची मला परवानगी नाही. पाणीसुद्धा तोच घालतो."

मंडळाचा तिसरा मानकरी म्हणजे न्हावी. तो न विचारताच पुढे आला. "माझाही हेवा लिहून घ्या, बाई. दरसाल तिसरा नंबर. दिवसभर लोकांची डोकी भादरतो, घरी येऊन स्वतःचं आपटतो."

"या झाडाला हात लावलात?"

"लावू देतंय कोण! बुधवारी तारा गुंडाळायचा वर्ग होता. पानं नसली की फांद्या नीट दिसतात, वळवायला सोप्या. सगळ्यांची झाडं टेबलावर आली, डॉक्टरांचं नाही. गोणपाटसुद्धा उचलू दिलं नाही."

"पानं नसताना फांदी जिवंत आहे हे कसं ओळखता?"

"नखाने साल खरवडायची. खाली हिरवं, तर जिवंत. नाहीतर हिवाळ्यात मेलेलं आणि झोपलेलं दिसायला सारखंच. खरं काय ते वसंतात पानं फुटल्यावर कळतं."

पावणेबारा वाजले होते. बाईंनी फांदी न्हाव्याच्या हातात दिली. "खरवडा."

त्याने खरवडली. तपकिरी. आणखी खाली, तिथेही तपकिरी.

"ही दोन दिवसांपूर्वी कापलेली नाही का?" भाऊजी गोंधळले.

"कापलीय दोन दिवसांपूर्वी, पण मेलीय त्याच्या कितीतरी आधी. या गारठ्यात कापलेली जिवंत फांदी इतक्यात अशी वाळत नाही. आता सांगा, मेलेली फांदी कोण कापेल? धाकटीला दादाची फजिती हवी असती, तर तिने कात्री उचललीच नसती. वसंताची वाट पाहिली असती. सगळीकडे पानं आणि तेवढी फांदी उघडी! ती फजिती टाळायची होती फक्त मालकाला."

"काहीतरीच!" दंतवैद्य म्हणाले.

"वैरी फांदी तोडून पळतो, डॉक्टर. जखमेला लेप लावून कडा सारख्या करत बसत नाही. तुमचा हात सवयीने तिकडे गेला. झाडावर तुमचं प्रेम आहे, एवढं मी कबूल करते."

"पण फांदी मेली कशाने?" न्हाव्याने विचारलं.

"उबेने. सगळी शेड झोपलेली असताना या झाडाची एकच बाजू जागी झालीय. तीच बाजू दवाखान्यातल्या हीटरकडे होती. हीटरच्या अगदी तोंडाशी असलेली फांदी भाजून वाळली, वरच्यांना वसंत आल्यासारखं वाटलं. तोवर इथे गोणपाटाखाली काय होतं?"

"पालथी टोपली," दंतवैद्य पुटपुटले.

बाईंनी रुमालाची घडी कुंडीच्या चार पायांशी धरली. माप तंतोतंत. "चार पायांची फुलदाणी मी तरी पाहिलेली नाही."

दंतवैद्य बोलले, बहिणीकडे न बघता. "तीन आठवडे ठेवलं तिथं. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. एकानेही मान वर केली नाही. सगळे तिथला तो फोटोचा पेपर उचलायचे आणि म्हणायचे, अहो, हे झाड तुमच्या बहिणीचं ना? काय सुंदर आहे!"

"दात दुखत असताना?" न्हावी.

"दात दुखत असताना!"

धाकटीने डोळे पुसले. ती दादाला काहीतरी सुनावणार असं सगळ्यांना वाटलं. पण ती वाकून कोंब बघत होती. "आज रात्री गोठणार आहे. जागे झालेले कोंब इथे जळतील. परत उबेत नेलंत तर उरलेलं झाड थकून जाईल. ना ऊब, ना दहिवर, अशी जागा हवी. माझ्या जिन्याखाली आहे."

दंतवैद्यांचा चेहरा आखडला. "तुझ्याकडे? तुझ्या झाडाशेजारी?"

"शेजारी."

"पानं तिथेच फुटतील."

"फुटली तर."

त्यांनी मेपलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बाहेर बैठकीला माणसं जमू लागली होती. दंतवैद्यांनी दोन्ही हातांनी कुंडी उचलून पोटाशी धरली.

"आधी त्यांना सांगतो, कुणी कापली ते," ते म्हणाले. दाराशी थबकले. "रोज दोनदा येऊन बघेन."

"एकदा," धाकटी म्हणाली आणि तिने दार धरलं.