राग नसलेला खेकडा

हल्ली कादंबरीला चित्रं काढायची तर चित्रकार शेवटी येतो. आधी वाचकांना बोलावतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि पुस्तकातली एखादी ओळ वाचायला देतात. खरी वस्तू पाहताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच नुसत्या कल्पनेनंही जागा होतो. टोपी त्याची हालचाल टिपते आणि मनातलं चित्र पडद्यावर उतरतं. त्याला ‘मनबिंब’ हे नाव दिलं मिरजेच्या डॉ. रेहाना शिकलगार यांनी.

वैजयंती पेठे त्यांच्याकडे आली ती एका राजचिन्हासाठी. तिची आई, कुमुद पेठे, गेल्या थंडीत गेली. तिनं आयुष्यभर क्षारद्वीप नावाच्या न-असलेल्या राज्याच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची सचित्र आवृत्ती निघत होती आणि सगळं अडलं होतं राजचिन्हाच्या एका ओळीवर: ‘सूर्य पोटाशी धरलेला खेकडा, नांग्या उघड्या, पण राग नाही.’

“हे शंभरेक वाचकांचं एकत्र मनबिंब,” रेहाना म्हणाल्या.

वैजयंतीनं पाहिलं. “मालवणी हॉटेलच्या पाटीसारखं दिसतंय.”

“मला वाटलंच. खेकडा सगळ्यांना जमतो, ‘राग नाही’ कुणालाच जमत नाही. तुम्हाला दिसतो?”

“स्पष्ट. पोळ्या लाटता लाटता आई नवं प्रकरण म्हणून दाखवायची. मी आठेक वर्षांची असेन. ती ओळ आठवली की तिचा आवाज येतो आणि आवाजासोबत तो खेकडा.”

रेहाना खुर्ची ओढून जवळ बसल्या. “मग चित्र तुमच्याकडूनच घेऊ. पण एक ऐका. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. आपण ती काढतो तेव्हा ती ओल्या मातीसारखी होते आणि नंतर पुन्हा घट्ट बसते. ओली असताना समोर दुसरं चित्र आलं, तर त्याचाच ठसा उमटतो. डोळे मिटून आठवा. आज दिवसभर पडदा बघू नका. चित्र परस्पर छापखान्यात जाईल.”

“मी न तपासता?”

“हो, न तपासता.”

“डॉक्टर, आईचं एकही पान मी मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय छापायला गेलेलं नाही. तिचा वेलांटीवरसुद्धा जीव होता.”

“मूळ प्रत कागदावर असते तेव्हा ठीक आहे, ताई.”

वैजयंती हसली. कितीतरी महिन्यांनी तिला असं हुरूप आल्यासारखं वाटत होतं. आईच्या डोक्यातलं चित्र पहिल्यांदाच जगासमोर येणार होतं. तिनं टोपी चढवली, डोळे मिटले. पिठाचा वास आला, आईचा किंचित घोगरा आवाज आला: सूर्य पोटाशी धरलेला...

“अरे वा,” रेहाना पुटपुटल्या. त्यांना राहवलं नाही. “नांग्या बघा... म्हणजे, बघू नका. पण काय सुरेख आहे हे. पाळण्यावर वाकल्यासारखा आहे.”

पाळण्यावर. अगदी तसाच. पण डावी नांगी जरा खाली असायला हवी. ती आली असेल का? चुकून उजवी खाली आली आणि हजारो प्रती तशाच निघाल्या तर? तिचा हात सवयीनं पेन्सिलीसाठी मेजावर चाचपडला आणि डोळे उघडले.

पडद्यावर खेकडा होता. कडा हिरवट, सूर्य फिका, डावी नांगी खाली. त्याला राग नव्हता.

“ताई,” रेहाना हळूच म्हणाल्या.

“थांबा, ताडून पाहते.”

तिनं डोळे मिटले. आतही तोच खेकडा होता, कडेला पडद्याचा हिरवट उजेड घेऊन. तिनं ती ओळ मनात म्हटली. ओळ आली, तिच्या स्वतःच्या आवाजात. पुन्हा म्हटली. मागे लाटणं वाजत नव्हतं.

“काही फरक आहे?” रेहानांनी विचारलं.

“नाही,” वैजयंती म्हणाली. “काहीच फरक नाही.”